तिघींच्या हातातला ड्रायव्हर

मी ड्रायव्हर बोलतोय. गाडीवरचा नव्हे. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका घरात माझ्या नावामुळे बरेच घोटाळे झाले. "ड्रायव्हर कुठे ठेवलाय?" असं शारदाबाईंनी आतून विचारलं, आणि "छत्र्यांच्या पिंपात" असं उत्तर आलं, की बाहेर बसलेला नवखा पाहुणा हातातली कॉफी खाली ठेवायचा.

गोल्फमध्ये पहिला आणि सगळ्यात लांबचा फटका ज्या काठीने मारतात, ती काठी म्हणजे मी. पोलादी दांडा, कातड्याची मूठ आणि खाली भरताच्या वांग्याएवढं लाकडी डोकं. माझं लाकूड अमेरिकेतल्या पर्सिमन नावाच्या झाडाचं. तुमच्याकडे विड्यांना जिची पानं लागतात त्या टेंभुर्णीच्या गोतातलंच ते झाड, म्हणून या देशात मला कधी परकं वाटलं नाही. स्कॉटलंडमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानशीने घासून आकार दिला, पोटात थोडं शिसं ओतलं, तळाला पितळेची पट्टी ठोकली आणि मानेभोवती मेणाचा दोरा गच्च गुंडाळला. मग हात दुखेपर्यंत व्हार्निश लावलं.

१९३६ साली मी बोटीने निघालो आणि बेंगळुरूच्या मिसेस पेंबर्टन यांच्या हातात पडलो. त्यांचे यजमान पलटणीत होते. बाई उंच, खांदे रुंद, आणि फटका असा की आवाज ऐकूनच क्लबातली माणसं माना वळवायची. बायकांची चॅम्पियनशिप त्या ओळीने जिंकत गेल्या. मात्र राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असे. मैदानाच्या सहाव्या टप्प्याला, म्हणजे सहाव्या होलला, खेळाडू आणि निशाण यांच्यामध्ये एक तळं आहे. एकदा तिथे चेंडू पाण्यात गेला, तशी बाईंनी चेंडूमागोमाग मलाही पाण्यात भिरकावलं. एक अख्खी रात्र मी बेडकांच्या संगतीत काढली. सकाळी माळ्याने मला बाहेर काढलं, तेव्हा बाई काठावर उभ्या होत्या. त्यांनी मला आपल्या स्कर्टला पुसलं आणि हळूच 'सॉरी' म्हणाल्या. क्लबातल्या जुन्या लोकांना त्यांचे फटके आठवतात, हे मात्र कुणालाच आठवत नाही.

१९४८ साली पेंबर्टन मंडळी विलायतेला परतली. जाण्याआधी त्यांनी घरचं सामान व्हरांड्यात मांडून विकलं. सुब्बाराव नावाचे एक तरुण इंजिनियर आरामखुर्ची घ्यायला आले होते. ते मला घेऊन गेले.

सुब्बारावांचं घराणं तीन पिढ्यांपासून बेंगळुरात राहिलेलं मराठी. घरात मराठी, दारात कानडी आणि कारखान्यात इंग्रजी, असा त्यांचा दिवस जाई. गोल्फ शिकायचं त्यांनी मनावर घेतलं. संध्याकाळी परसात उभे राहून ते मला फिरवायचे, आणि चेंडू जागचा हलायचा नाही. शेजारी त्यांची पत्नी शारदाबाई वाळलेले सांडगे गोळा करत असायची. लग्नाला वर्ष झालेलं, वय विसाच्या आसपास. तिने चार संध्याकाळी हे मुकाट्याने पाहिलं. पाचव्या संध्याकाळी हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मी बघू का स्वल्प?"

'थोडंसं'ऐवजी आलेलं ते कानडी वळणाचं स्वल्प मला आजही आठवतं. तिने मला धरलं ते मुसळ धरावं तसं नाही, तर फुलांची परडी धरावी तसं, सैल आणि तरी निसटू न देता. मग नुसती कंबर वळली. चेंडू माझ्या कपाळाच्या बरोबर मध्यावर बसला, भिंत ओलांडून गेला आणि पलीकडच्या घराची दोन कौलं फोडून थांबला. सुब्बाराव आधी शेजाऱ्यांची माफी मागून आले. परत आल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझं काम झालं. आता क्लबात तुझंच नाव घालू."

शारदाबाई क्लबात गेल्या त्या काष्ट्याचं लुगडं आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. सुरुवातीला लोक हसले. मग वाऱ्याच्या दिवशी बाकीच्या बायका एका हाताने स्कर्ट सांभाळत खेळू लागल्या आणि शारदाबाई दोन्ही हातांनी, तेव्हा हसू थांबलं. त्या काळी होलभोवती हिरवळ नव्हती. जळकं तेल मिसळलेली वाळू पसरून तिच्यावर झाडू फिरवलेला असायचा. बाकी मैदान तांबड्या मातीचं, उन्हाळ्यात तव्यासारखं टणक. त्या मैदानावर शारदाबाईंनी सात वेळा चॅम्पियनशिप जिंकली. त्या सातही वेळा मी त्यांच्या हातात होतो, हे मी जरा छाती फुगवूनच सांगतो.

१९८६ साली सुब्बाराव गेले आणि शारदाबाईंनी खेळ सोडला. कुणी विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगायच्या. बाकीच्या काठ्या माळ्यावर गेल्या. मी हॉलमधल्या पिंपात छत्र्यांबरोबर उभा राहिलो. पेरू पाडायला, पंख्यावरची जळमटं काढायला आणि पाल हाकलायला माझा उपयोग होऊ लागला. मानेचा दोरा सैल पडला. पण हॉल ही घरातली चांगली जागा. टीव्ही तिथे, फोन तिथे, आणि विश्वासरावांची बैठकही तिथेच.

विश्वासराव म्हणजे शारदाबाईंचे धाकटे दीर. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान. वहिनींच्या खेळाची थोरवी गाणं हा त्यांचा दुसरा धंदा, आणि तो पहिल्यापेक्षा जोरात चालायचा. "सहाव्या होलचं तळं वहिनी दर रविवारी ओलांडायच्या. लाकडाच्या काठीने," असं ते गिऱ्हाइकांनाही साडीची घडी मोडता मोडता सांगत. खरं सांगायचं तर तळं आम्ही एकदाच ओलांडलं होतं. बाकी सगळ्या वेळी शारदाबाई शहाण्यासारखा वळसा घालून खेळल्या. पण पिंपातल्या काठीला कोण विचारतो?

विश्वासरावांचे तीस वर्षांचे स्नेही त्रिविक्रम, बँकेतून निवृत्त झालेले. दोघे दर रविवारी एकत्र गोल्फ खेळत, दोघेही सारखेच वाईट, आणि नंतर आमच्या हॉलमध्ये इडली-चटणी खात. त्रिविक्रम यांची भाची रूपश्री गेली पाच वर्षं क्लबाची चॅम्पियन होती. सव्वीस वर्षांची मुलगी, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, आई-वडिलांच्या मागे मामाकडेच वाढलेली. म्हणजे एका सोफ्यावर दोन चॅम्पियनांचे दोन भाट बसत, असं म्हणा. इतकी वर्षं ते निभावलं होतं.

बिघडलं ते १९९७ च्या एप्रिलात. अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत एकवीस वर्षांच्या मुलाने बारा फटक्यांच्या फरकाने बाजी मारली होती आणि केबलवर त्याचा खेळ पुन्हा दाखवत होते. दोघे मित्र पुढे सरकून बघत होते.

"असा खेळाडू आजवर झाला नाही," त्रिविक्रम म्हणाले.

"झाला नाही कसं म्हणता? जुन्या लोकांना ही असली काठी दिली असती तर?"

"आणि जुन्या लोकांपुढे इतके तगडे खेळाडू कुठे होते? चार श्रीमंत माणसं आपसात खेळायची, त्यातला एक जिंकायचा."

"तुम्ही अमेरिकेचं बोलताय की आमच्या घरचं?" विश्वासराव म्हणाले.

तिथे थांबायला हवं होतं. पण त्रिविक्रम यांच्या हातात इडली होती आणि भाचीचं कौतुक बरेच दिवस मनात साठलं होतं. ते म्हणाले, "घरचंच बोलतो. शारदाबाई त्यांच्या काळात उत्तम होत्या. आज रूपश्रीसमोर उभ्या राहिल्या असत्या तर नऊ होलसुद्धा टिकल्या नसत्या."

विश्वासरावांनी टीव्ही बंद केला. "ह्या घरात बसून, त्यांच्या हातची इडली खाऊन हे बोलता?"

त्रिविक्रम यांनी उरलेली अर्धी इडली ताटलीत ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले. पुढचा रविवार आला. विश्वासराव पहाटेच तयार होऊन खुर्चीत बसले आणि फाटकाकडे बघत राहिले. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ते दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसू लागले. मधेच एकदा त्यांनी फोन उचलला, तीन आकडे फिरवले आणि ठेवून दिला.

शारदाबाई हे सगळं बघत होत्या. एका दुपारी विश्वासराव दुकानात असताना त्यांनी मला पिंपातून उचललं. मला वाटलं पाल असेल. पण त्या मला घेऊन खुर्चीत बसल्या, सैल झालेला दोरा सोडला आणि नवा घट्ट गुंडाळला. मग फोन लावला.

"रूपश्री का? मी शारदाबाई बोलतेय. तुझ्याबरोबर एकदा खेळायचंय मला. नऊ होल. सोमवारी सकाळी मैदान बंद असतं, सेक्रेटरींना मी विचारते. भावजींना सांगणार नाहीये, तूही मामांना सांगू नकोस."

फोन ठेवल्यावर त्यांचा हात माझ्या मुठीवर होता. जिचं नाव ऐकून लोक अजून कान टवकारायचे ती बाई अकरा वर्षांनी उभी राहणार, आणि चेंडू जागचा हललाच नाही तर? तसं झालं तर विश्वासरावांनी इतक्या वर्षांत उभं केलेलं सगळंच कोसळणार होतं. त्या मला पिंपात ठेवायला गेल्या, थबकल्या, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या खोलीत कपाटाशी उभा राहू लागलो.

सोमवारी त्या गुडघ्याला पट्टा बांधून, माळ्यावरच्या काठ्यांची पिशवी उतरवून घेऊन रिक्षाने क्लबात पोचल्या. अंगावर काष्ट्याचं लुगडं. रूपश्री आधीच आली होती. तिच्या पिशवीतला ड्रायव्हर मी पाहिला आणि मला माझं वय जाणवलं. टायटॅनियमचा, चकचकीत, डोकं दुधाच्या गाडग्याएवढं. वर हलका इतका, की वाऱ्याने डोलेल.

पहिला फटका शारदाबाईंचा. त्यांनी मला मागे नेलं, आणि मला त्या हातातली भीती स्पष्ट कळली. चेंडूच्या डोक्यावरून मी नुसता घासत गेलो. चेंडू हातभर घरंगळला. रूपश्री दुसरीकडे बघत राहिली. समजूतदार मुलगी.

दुसरा फटका बरा गेला. तिसऱ्या होलपर्यंत कंबर मोकळी झाली आणि चौथ्यावर आम्ही दोघं पुन्हा ओळखीचे झालो. लांबीत रूपश्रीला गाठणं शक्य नव्हतं, ती कुठल्या कुठे पुढे असायची. पण होलजवळच्या नाजूक फटक्यांत शारदाबाईंचा हात अजून तसाच होता. हिरवळीवर त्या खाली वाकल्या, तळव्याने गवत चाचपलं आणि म्हणाल्या, "किती मऊ आहे गं. आमच्या वेळी वाळू असायची. पण एक सोय होती. झाडू फिरवला की वाट सरळ. तुमचं गवत फसवतं."

चालता चालता रूपश्री एकदम म्हणाली, "अक्का, एक बोलू? रागावू नका. मी यंदा खेळणार नाहीये चॅम्पियनशिप."

"का बरं?"

"पाच वेळा जिंकले. पाचही वेळा कप हातात असताना कुणीतरी म्हणालं, शारदाबाई असत्या तर वेगळं झालं असतं. मी तुम्हाला कधी खेळताना पाहिलंसुद्धा नव्हतं. जिच्याशी खेळताच येत नाही तिला हरवायचं कसं?"

शारदाबाई थांबल्या. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मला टेकून उभं राहावं लागलं.

"अगं, मी पहिल्यांदा जिंकले ना, तेव्हा आमचे सेक्रेटरी भाषणात काय म्हणाले माहीत आहे? आज मिसेस पेंबर्टन इथे असत्या तर सामना बघण्यासारखा झाला असता. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. मी त्या पेंबर्टनबाईंना कधी पाहिलं नाही. रात्री घरी येऊन रडले होते मी. आमचे हे म्हणाले, तुझ्या हातातली काठी त्यांचीच आहे, तिला विचार."

"मग विचारलंत?"

"काठी काय सांगणार?"

मी सांगितलं असतं. मी म्हणालो असतो, पेंबर्टनबाईंचा फटका तुमच्याहून लांब जायचा, तुमचा त्यांच्याहून सरळ जातो. त्यांनी मला पाण्यात फेकलं, तुम्ही कधी साधं आपटलं नाहीत. यातून कोण मोठी ते मला ठरवता येत नाही, आणि तुमच्या हातात असताना मला ते ठरवावंसंही वाटत नाही.

सहाव्या होलला तळं आलं. रूपश्रीने पिशवीतून आपला ड्रायव्हर काढला, क्षणभर पाहिलं आणि तो शारदाबाईंपुढे धरला. "अक्का, तुम्ही हा घ्या. मला तुमचा द्या."

सत्तरीला टेकलेल्या शारदाबाईंनी तो टायटॅनियमचा भोपळा हातात तोलला. "ही काठी आहे की विंझणा?" असं म्हणत उभ्या राहिल्या आणि कंबर वळली. चेंडू वर चढला, पाण्यावरून गेला, आणि पलीकडच्या काठावर पडून एक उडी मारून थांबला. त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मेली ही असती तर मी इतकी वर्षं वळसे कशाला घातले असते?"

मला हेवा वाटला का? वाटला. पण तेवढ्यात रूपश्रीच्या मुठीत मी आवळला गेलो. तिसऱ्या चॅम्पियनचा हात. ताकदवान, घाईचा, तरुण. तिने मला आपल्या काठीसारखं झपकन फिरवलं, चेंडू माझ्या टाचेला लागला आणि सरळ पाण्यात. दुसरा माझ्या नाकाला लागला, तोही पाण्यात.

"ह्याचा मधला भाग आहे तरी केवढा?" ती म्हणाली.

"रुपयाएवढा. घाई केलीस तर सापडत नाही. स्वल्प सावकाश. त्याला मागे जाऊ दे, तो आपोआप येतो."

तिसऱ्या वेळी तिने श्वास सोडला. मी मागे गेलो, वर थांबलो, आणि उतरलो. माझ्या कपाळाच्या त्या रुपयाएवढ्या जागेवर चेंडू बसला आणि आवाज झाला, तो जुना आवाज, लाकडाचा. तळं ओलांडून चेंडू शारदाबाईंच्या चेंडूच्याही पुढे जाऊन पडला. रूपश्रीने माझं कपाळ बोटाने चाचपून पाहिलं. "हे तुम्ही इतकी वर्षं, दर वेळी, ह्याने करत होतात?" ती पुटपुटली.

तोच मागच्या पर्जन्यवृक्षाआडून जोराच्या टाळ्या ऐकू आल्या. बघतो तर विश्वासराव. आणि त्यांच्याच शेजारी, दोन हातांवर, त्रिविक्रम. सेक्रेटरींच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यांनी दोघांनाही फोन केला होता. दोघे वेगवेगळ्या रिक्षांनी आले होते आणि लपायला एकच झाड मिळालं होतं. तिथे ते एकमेकांकडे न बघता उभे होते म्हणे, आम्ही पहिल्या होलला होतो तेव्हापासून.

"टाळ्या कुणासाठी वाजवल्या?" त्रिविक्रम यांनी विचारलं. तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य.

"म्हणजे? त्या फटक्यासाठी."

"तो रूपश्रीने मारला."

"पण काठी वहिनींची."

"आणि त्यांनी तळं ओलांडलं ते रूपश्रीच्या काठीने."

"ओलांडलं ना? मी काय सांगत होतो?"

"अहो भावजी," शारदाबाई म्हणाल्या, "मी ते जन्मात दोनदा ओलांडलंय. आज धरून."

त्रिविक्रम यांना हसू आवरेना, आणि मग विश्वासरावांनाही. शारदाबाईंनी दोघांच्या खांद्यांवर एकेक पिशवी दिली. "उरलेले तीन होल तुम्ही ओझं वाहायचं. भांडायचं तर चालता चालता भांडा."

उरलेले तीन होल ते भांडत चालले. टणक मातीवर चेंडू जास्त घरंगळायचा की नाही, वाळू अवघड की गवत, ऑफिस सांभाळून खेळणं कठीण की स्वयंपाक सांभाळून. रूपश्री ते नऊ होल सहज जिंकली. शेवटी तिने हिशेब सांगायला तोंड उघडलं, तेव्हा ते दोघे इतक्या रंगात आले होते की ऐकायला कुणाला सवड नव्हती. दोघी कॉफी प्यायला निघून गेल्या.

त्या वर्षी रूपश्री खेळली आणि सहाव्यांदा जिंकली. बक्षीस समारंभात कुणीतरी ते नेहमीचं वाक्य सुरू केलंच. पहिल्या रांगेतून शारदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी होते ना. एका सोमवारी खेळले तिच्याशी. हरले." सभा अशी हसली की वक्त्यांना पुढचं भाषण आठवेना.

आता १९९९ सुरू आहे. मी रूपश्रीच्या पिशवीत राहतो, त्या टायटॅनियमवाल्याच्या शेजारी. सामन्यात तो, सरावाला मी. ती म्हणते, चूक झाली की मी लगेच सांगतो, तो झाकून घेतो. टायटॅनियमवाला यावर काही बोलत नाही, स्वभावाने बरा आहे. महिन्यातून एका सोमवारी शारदाबाई येतात. तीन-चार होल खेळतात, गुडघा कुरकुरला की झाडाखाली बसतात. माझ्या व्हार्निशला भेगा गेल्या आहेत. एक दिवस माझं डोकं दांड्यापासून सुटेल, तो दिवस फार लांब नाही. पण ते एखाद्या चांगल्या फटक्यावर सुटावं, एवढीच माझी इच्छा आहे.

तुम्हा माणसांना मोजमाप करायची हौस. कोण मोठं, तेव्हाचे की आत्ताचे? करा खुशाल, त्यात रविवार मजेत जातो हे मी पाहिलंय. फक्त जी आज मैदानात उभी आहे तिच्या कानाशी करू नका. तिला तिचा चेंडू मारू द्या.

पुढचं बोलणं राहू द्या आता. शारदाबाईंनी मला पिशवीतून काढलंय, तळवा माझ्या मुठीवर सैल बसलाय. समोर तळं आहे, आणि आज त्या वळसा घालणार नाहीत असं दिसतंय.